उजवीकडचा पुढचा पाय

जीपच्या टपावर कॅरिअर बसवण्यात आमच्या मिस्तरींचा हात धरणारं धुळ्यात कुणी नव्हतं. हे मी आज मोकळेपणानं सांगतो. तेव्हा कुणी माझ्यासमोर असं म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमची पत्र्याची शेड आग्रा रोडला होती. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या जीपा घेऊन लोक यायचे, त्यांची ताडपत्री काढून आम्ही पत्र्याचा टप चढवायचो आणि टपावर पाइपांचं कॅरिअर बांधायचो. तयार कॅरिअर बाजारात मिळत नसे, आणि मिळालं असतं तरी उपयोग नव्हता, कारण दोन जीपांचे टप कधी सारखे नसायचे. एखादा टप एका अंगाला झुकलेला, एखाद्याची कड हातोडीनं ठोकून सरळ केलेली. प्रत्येक कॅरिअर त्या त्या जीपच्या मापानं शिवावं लागे.

काम दोघांचं. पाइप कापून, जागेवर धरून, प्रत्येक जोडाला वेल्डिंगचे तीन ठिपके, म्हणजे कच्चे टाके, मारून सांगाडा उभा करायचा तो मी. टाका मारला की त्या जोडावर मी खडूची रेघ ओढायचो. मागून मिस्तरी यायचे, सलग वेल्डिंग ओढून जोड पक्का करायचे आणि रेघ अंगठ्यानं पुसून टाकायचे. रेघ पुसली म्हणजे जोड झाला, असा साधा हिशेब होता. मी त्यांना नाना म्हणायचो. नऊ वर्षं मी टाके मारले. तिशी उलटली, घरात दोन पोरं झाली, तरी वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात पूर्ण कामासाठी कधी आला नाही.

शेवटच्या दोन वर्षांत नानांना खडू दिसेनासा झाला.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत मला डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली सापडली, तिच्याबरोबर जळगावच्या एसटीचं तिकीट होतं. धुळ्यात डोळ्यांचे डॉक्टर नव्हते असं नाही. पण धुळ्यातल्या डॉक्टरच्या पायरीवर कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं, आणि नजर गेलेल्या वेल्डरकडे जीप कोण आणणार? मी बाटली होती तिथं ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून राहिलेल्या जोडाजवळ पाइपावर हातोडीची हलकी टिचकी मारू लागलो. नाना त्या आवाजावर यायचे, बोटांनी जागा हेरायचे आणि वेल्डिंग असं ओढायचे की पाहत राहावं. रॉडच्या तडतडीवरून त्यांना सगळं कळे. आम्ही दोघंही त्या टिचकीबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. मी त्यांचं झाकत होतो, आणि ते याबद्दल एकदा तरी काहीतरी म्हणतील म्हणून वाटही बघत होतो.

मग चोपड्याकडचा तो केळीवाला आला. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची शेती, रस्ता म्हणजे नाल्यातून वर चढणारी वाट. केळीचं बेणं, खताच्या गोण्या, पाण्याचे पाइप, सगळं जीपनंच न्यायचं, म्हणून त्याला टपावर दणकट, सहा पायांचं कॅरिअर हवं होतं. दिवसभर तो शेडमध्ये बसून काम बघत होता. दुपारी माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हा तुमचा माणूस हुशार दिसतो, नाना. निम्मं काम तर हाच करतो."

नाना हसले. "हाऊ? हाऊ नुसता टाका मारस, भाऊ. वेल्डिंग मनी ऱ्हास."

म्हणजे हा नुसते टाके मारतो, वेल्डिंग माझं असतं. केळीवालाही हसला. बोलणं तिथंच संपलं, नाना रॉड बदलू लागले. माझ्या मात्र ते डोक्यात गेलं. ज्याच्या टिचकीशिवाय यांना जोड सापडत नाही, तो नुसता टाका मारतो.

उजवीकडच्या पुढच्या पायाजवळ मी टिचकी मारली नाही.

बत्तीस जोडांतला तो एक राहिला. रेघ मी स्वतःच्या अंगठ्यानं पुसली. माझा विचार असा होता की रंग लावायच्या आधी केळीवाला जोड तपासेल, त्याला उघडे टाके दिसतील आणि नानांची चारचौघांत शोभा होईल. तेवढंच हवं होतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण केळीवाल्याचा नानांवर भरवसा, तो म्हणाला, रंग मारून टाका. नानांनीही हात फिरवून पाहिलं नाही. पाहुण्यासमोर चाचपडत फिरणं म्हणजे डोळे गेल्याची दवंडी पिटण्यासारखं होतं. तांबडा रंग मीच मारला, आणि त्या पायावर जरा जाड मारला.

आमच्याकडे एक रीत होती, नानांनीच पाडलेली. ज्यानं जोडलं त्यानं पहिल्यांदा वर बसायचं. बंपरवर नारळ फुटायचा, कॅरिअरवर वाळूच्या गोण्या चढायच्या, गोण्यांवर नाना बसायचे आणि जीप लळिंग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत यायची. वाटेत डांबरी सोडून मुद्दाम नाल्यात उतरवायची. नाना वर मांडी घालून बसायचे, हातानं कशाला धरायचे नाहीत. त्यांना तसं जाताना बघायला चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहायची.

त्या दिवशीही ते तसेच बसले. मी आत केळीवाल्याशेजारी होतो. डांबरीवर काही झालं नाही. जीप नाल्यात उतरली आणि डोक्यावर कट असा आवाज आला. पहिला टाका तुटला होता. केळीवाल्याला इंजिनाच्या आवाजात कळलं नाही, मला कळलं. दुसरा तुटेपर्यंत जीप थांबवा म्हणायला वेळ होता. भरपूर वेळ होता. मी समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिलो. दुसरा तुटला, तिसरा तुटला, कॅरिअर पुढं कलंडलं आणि गोण्यांबरोबर नाना बॉनेटवर आणि तिथून दगडांत पडले.

उजवा हात कोपरातून मोडला. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात केळीवाल्यानं विचारलं, "कॅरिअरचा तो पाय कोणी जोडला होता?"

"मी," नाना म्हणाले. "मीच जोडेल शे."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी म्हणालो, "त्यांना दिसत नाही, भाऊ. दोन वर्षं झाली. आम्ही सांभाळून घेत होतो."

केळीवाला खूप बोलला. आंधळ्याच्या हातात जीप दिली, डोंगरात माझी माणसं मेली असती, असं सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्यानं बोलला. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. दिवस मावळायच्या आत आग्रा रोडवर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. मला वाईट वाटलं का? त्या दिवशी नाही वाटलं. माझ्या मनात एवढंच होतं की आता होल्डर माझा.

दोन दिवसांनी नानांनी कॅरिअरचा तो तुटलेला पाय मागवला. मी नेऊन दिला. खाटेवर बसून त्यांनी डाव्या अंगठ्यानं तुटलेली जागा चाचपली. तीन ठिपके, त्यावर वेल्डिंगचा मागमूस नाही. अंगठा पुन्हा पुन्हा त्या तीन ठिपक्यांवर फिरला. नऊ वर्षं माझे टाके त्यांच्या हाताखालून गेलेले. पाय त्यांनी उशाखाली ठेवून घेतला आणि मला जा म्हणून मान हलवली.

केळीवाल्यानं नवं कॅरिअर माझ्याकडूनच करून घेतलं. टाके माझे, वेल्डिंगही माझं. त्या कामात मी जीव ओतला. चाचणीच्या दिवशी नारळ फुटला आणि मी वर चढणार तेवढ्यात बायकोच्या हाताला धरून नाना आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांदेखत कॅरिअर चाचपत फिरू लागले. रंग अजून ओला होता. एकेक जोड, एकेक पाय. टपरीवरची माणसं जवळ आली. उजवीकडच्या पुढच्या पायापाशी नानांचा अंगठा थांबला. पुढं गेला, परत मागं आला, पुन्हा थांबला. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"चढ," ते म्हणाले.

"काय आहे तिथं, नाना?"

"तुनंच काम शे ना? चढ."

मी चढलो. न चढून कुणाला तोंड दाखवणार होतो? डांबरीवर कसाबसा बसलो. त्या पायावरून माझी नजर हलेना. मीच ओढलेलं वेल्डिंग मला परक्याचं वाटायला लागलं. कुठं पोकळ राहिलं असेल, त्यांच्या अंगठ्याला काय लागलं असेल? नाला दिसला आणि माझा धीर सुटला. मी गोण्यांवर पालथा पडलो, दोन्ही हातांनी पाइप छातीशी कवटाळला आणि डोळे मिटून घेतले. ओरडलोही असेन, कारण केळीवाल्यानं जीप थांबवून काय झालं म्हणून विचारलं. परत येईपर्यंत मी उठलो नाही. टपरीवरची माणसं हसत होती.

खाली उतरल्याबरोबर मी हातोडी घेतली आणि तो पाय ठोकून पाहिला. खणखणीत आवाज आला. पुन्हा ठोकला, तोच आवाज. तिथं खोट काही नव्हतीच.

नाना जवळ आले. डाव्या हातानं माझा तळवा धरला, मग माझ्या सदऱ्याची छाती चाचपली. बोटं पुन्हा ओल्या रंगानं तांबडी झाली, ती त्यांनी माझ्याच बाहीला पुसली.

"मी बसेल व्हतू," ते हळू आवाजात म्हणाले. "तू झोपेल व्हता." मी बसलो होतो, तू आडवा पडला होतास.

आणि बायकोच्या हाताला धरून निघून गेले. शेडमध्ये पुन्हा कधी आले नाहीत. मी मिस्तरी झालो, बरीच कॅरिअरं केली. वर बसायची रीत मी पहिल्याच महिन्यात मोडून टाकली. लोकांना सांगितलं, आता काळ बदलला. त्या तीन टाक्यांबद्दल नाना कुणाकडे तरी बोलतील म्हणून मी सात-आठ वर्षं वाट बघितली. रस्त्यात कुणी नुसती हाक मारली तरी मला वाटायचं, कळलं याला. ते कुणाशीच बोलले नाहीत. बोलले असते तर मी सुटलो असतो, हे त्यांना माहीत असणार.

त्यांच्या दहाव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर त्यांच्या बायकोनं मला आत बोलावलं आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. हे तुलाच द्यायचं म्हणून ते सांगून गेले होते, असं ती म्हणाली. मी फडकं सोडलं. कॅरिअरचा पाय होता. सगळीकडे गंज चढला होता, फक्त तीन ठिपके अंगठ्यानं घासून घासून चकचकीत झाले होते.

म्हातारी ते निरखून बघत होती. "ह्यानावरतीन पडनात ना त्या?" तिनं विचारलं. यावरूनच पडले ना ते? "कोनी जोडेल व्हता?"

माझ्या हातात तो पाय होता. ऐकायला घरात तिसरं माणूस नव्हतं.

"नानांनीच," मी म्हणालो.