आमच्या खोलीतला खोकला

भंडाऱ्याच्या नर्सिंग वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती सानगडीची, धान पिकवणाऱ्या घरातली. हसायला लागली की थांबायची नाही. दुसऱ्या वर्षी आमची ड्युटी छातीच्या रोगांच्या वॉर्डात लागली. ड्युटी संपली आणि थोड्याच दिवसांत तिला खोकला सुरू झाला.

डॉक्टरकडे जायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात यायचं नाही. औषधं रोज हाताळत होतो, म्हणून सगळं कळतं असं वाटायचं. चौकातला मेडिकलवालाही पांढरा ॲप्रन पाहून चिठ्ठी मागत नसे. तिने अँटिबायोटिक घेतलं, खोकला दबला. "पाह्य, झालं ना बरं!" म्हणाली आणि गोळ्या सोडल्या.

खोकला परत आला, सोबत बारीक तापही. या वेळी तिने आणखी जोरदार गोळ्या आणल्या. गाल बसले होते. मी म्हटलं, "एक्स-रे काढून घे ना."

"तू काहून भेऊन राहिली? धुळीची ॲलर्जी आहे. अन् घरी सांगू नोको, बाबा शिक्षण बंद करतीन."

त्याच दिवसांत ती ओपीडीत बसून लोकांना सांगत होती, खोकला लांबला तर थुंकी तपासून घ्या. सांगता सांगता तोंड फिरवून खोकायची.

एका सकाळी वॉर्डात रुग्णाची चादर बदलताना तिला उबळ आली आणि मास्क लाल झाला. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग हळूच खाली बसली.

क्षयरोग निघाला. डॉक्टर म्हणाले, अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी तो झाकला गेला, तोवर डावं फुप्फुस पोखरलं. जिथे आम्ही ड्युटी केली होती, त्याच वॉर्डात तिला भरती केलं.

तिचे वडील एसटीने आले. खाटेजवळ उभ्या असलेल्या आम्हा मुलींकडे पाहून म्हणाले, "तुमी समद्या नर्सच शिकून राहिल्या ना, बाई? मंग कोनालेच कसं नाही समजलं?"



औषधं पूर्ण झाली, ती वाचली. पण फुप्फुस आकसलं ते आकसलंच. कॉलेज सुटलं.

गेल्या दिवाळीत मी सानगडीला गेले. ओसरीवरून उठून दारापर्यंत येतानाच तिला धाप लागली.

"तुई ड्युटी आता कोन्त्या वॉर्डात हाय?" तिने विचारलं.

"लहान मुलांच्या."

"बरं हाय," म्हणाली आणि खोकत बसली. आई आतून आली आणि तिची पाठ चोळू लागली.