विष्णुपुरीच्या लाँचवरचं झाकण, न तोडता

१९ एप्रिल, मंगळवार, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. औसा बस स्थानकाच्या बाकावर बसून मी पिशवीतली हत्यारं तिसऱ्यांदा मोजत होतो. दोन पाने, करवतीचं तुटकं पातं, जाड सुई, चिंध्या, सागवानी दांडका. छिन्नी आणि हातोडा मुद्दामच घेतला नव्हता. हाताशी असलं की मोह होतो.

मी पंप दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. आयटीआयचं एक वर्ष केलं, दुसरं राहून गेलं. आदल्या संध्याकाळी दुकानाचे मालक, त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो, मला म्हणाले, "एका झाकणासाठी दोन दिवस? फोनवर सांग, तोडा म्हणावं. नवीन बसवा."

मी म्हणालो, "ते झाकण मीच बसवलंय. मीच काढणार. अख्खं."

"सुट्टी मिळणार न्हाई."

"मागितली कुठं?" एवढं बोलून मी सायकलला टांग मारली. शब्द मागे घेतले नाहीत.

प्रकरण असं. माझे दाजी विष्णुपुरीच्या जलाशयावर एक जुनी लाँच चालवतात. कोकणातून जुनीच विकत आणलेली. तिचं इंजिन थंड ठेवायला जलाशयाचंच पाणी आत ओढलं जातं, आणि त्यातला गाळ अडवायला मध्ये हंडीएवढा पितळी फिल्टर आहे. त्याचं झाकण आटे फिरवून बसतं. दिवाळीत मी ताईकडे गेलो होतो तेव्हा त्या झाकणाखालून थेंब थेंब पाणी गळत होतं. आमच्याकडे बोअरच्या पाइपातून थेंब गळाला तर शेजारी घरी येऊन सांगतो. मी जे औशात करतो तेच तिथं केलं: आट्यांवर सुतळी गुंडाळली, वर सफेद्याचा पांढरा लेप थापला आणि पान्यानं होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. गळती बंद झाली. दाजींनी पाठ थोपटली. नावेवरचं झाकण रोज उघडायचं असतं आणि नुसत्या हातानं बसवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता पाणी खाली गेलं, गाळ वर आला. फिल्टर तुंबला, इंजिन तापून बंद पडायला लागलं. बुधवारी सकाळी आठ वाजता कंत्राटदाराच्या पंपांचा तराफा ओढून खोल डोहात न्यायचा होता. लाँच चालली तर पावसाळ्यापर्यंत दाजींना काम. नाही चालली तर दुसरी लाँच येणार आणि ताईच्या घरातला हंगाम गेला.

औसा ते लातूर पंचवीस रुपये. लातूरच्या स्थानकाबाहेर वीस रुपयांत चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली. कोरडी होती, पण शेंगदाणे भरपूर. हात धुवायला पाणी मागू नका. मिळत नाही आणि मागणाऱ्याकडे लोक बघतात. मी कागदाला हात पुसले.

नांदेडच्या गाडीचं विष्णुपुरीपर्यंतचं तिकीट एकशे चाळीस. एक सूचना: जलाशय बघायचा असेल तर नांदेडला जाऊन परत येऊ नका. लातूरकडून येताना विष्णुपुरी आधीच लागते. कंडक्टरला चढतानाच विचारून ठेवा, फाट्यावर थांबवणार का ते. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "थांबवतो म्हणलं ना भाऊ. आता लिहून देऊ काय?"

अहमदपूरच्या पुढं मागच्या बाकावर नव्या जिल्ह्याची चर्चा रंगली. उदगीरचा एक दुकानदार सांगत होता, "आवंदा आमचा जिल्हा होणार. पक्कं हाय."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "झाल्यावर काय करता?"

"कलेक्टर येईल. हापिसं येतील."

"बरं हाय. त्यायलाबी टँकरच्या लाइनीत उभं करू."

सगळी गाडी हसली. दुकानदारही हसला. दोन्ही बाजूंना रिकामी, भेगाळलेली रानं होती आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी घागरींची रांग. लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबते. तिथले भजे तिखट आहेत, चहासकट तीस रुपये.

साडेअकराला फाट्यावर उतरलो. दाजी घ्यायला आले होते. "जय भीम" म्हणून त्यांनी पिशवी घेतली आणि हातात तोलून म्हणाले, "हातोडा न्हाई आणला?"

"नाही."

त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि पुढं चालू लागले. जुन्या धक्क्यापासून पाण्यापर्यंत आता चालत जावं लागतं. मी पावलं मोजली, चारशे बारा. पायाखालचा गाळ पापडासारखा मोडतो. पुढं मात्र निळंशार पाणी, आणि लातूरच्या माणसाला ते बघून आधी आनंद होत नाही, राग येतो. मग डोळे निवतात.

लाँचवर हबीबचाचा बसले होते. नांदेडचे जुने डिझेल मिस्त्री, दाजींनीच बोलावलेले. मांडीवर छिन्नी तयार. शेजारी कंत्राटदाराचा मुकादम उभा, पांढऱ्या बुटांत, गाळ लागू नये म्हणून एक पाय वर धरलेला.

"हाच का तो लातूरचा विंजनेर?" मुकादमानं विचारलं.

"औशाचा," मी म्हणालो. "इंजिनिअर नाही. झाकण मी बसवलंय."

हे आधीच सांगून टाकायचं मी गाडीतच ठरवलं होतं. हबीबचाचांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "सुतळी-सफेदा तूनं लावला? नावेला? अरे बेटा, हे काय घरचा नळ हाय?"

"चुकलं चाचा."

"चुकलं तर चुकलं. आता छिन्नी मारतो, दोन ठोके, बात खतम."

झाकणाला वर दोन कान आहेत. छिन्नीनं कान तुटला तर धरायला काही उरणार नव्हतं, आणि ठोक्यानं खालच्या भांड्याला चीर गेली तर नावेच्या तळाचा, पाणी आत घेणारा कॉक उघडताच पाणी थेट नावेत. तसलं भांडं नांदेडला मिळत नाही. मी दोन्ही हात झाकणावर ठेवले आणि म्हणालो, "उद्या सकाळी आठपर्यंत कुणी छिन्नी लावायची नाही."

माझा आवाज चिरका निघाला. तरी हात काढले नाहीत.

मुकादम दाजींना म्हणाला, "तुमचा मेहुणा तुम्हाला उपाशी मारून राहिला बघा."

दाजींनी मोबाइलवर वेळ बघितली. मग म्हणाले, "आठपर्यंत हाय ना टाइम? मग करू द्या त्याला."

आधी तळाचा कॉक बंद केला. सुईनं आणि पात्यानं फटीतला सुकलेला सफेदा कोरून काढला. तो सिमेंटसारखा झाला होता. रॉकेल सोडलं. मग ताईनं स्टोव्हवर उकळून पाठवलेलं पाणी झाकणावर ओतलं, दोन कानांमध्ये सागवानी दांडका अडकवला आणि ओढला. काही नाही. पुन्हा ओतलं, पुन्हा ओढला. संध्याकाळपर्यंत पाच वेळा. झाकण जास्तच घट्ट झाल्यासारखं वाटत होतं. तळहाताला फोड आले. हबीबचाचा विडी ओढत बघत होते. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

घरी ताईनं भाकरी, ठेचा आणि तळलेला मासा वाढला. मला घास जाईना.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"गरम केल्यावर सुटायला पाहिजे. आमच्या बोअरच्या टोप्या सुटतात."

ती ताटावर डब्याचं झाकण ठेवत होती. म्हणाली, "टोपी बाहेरून बसती. तुझं ते झाकण बाहेरून बसतंय का आतून?"

मी जेवण टाकून वहीत चित्र काढलं. झाकण आतून बसतं. त्याचे आटे भांड्याच्या तोंडाच्या आत जातात. दिवसभर मी झाकण तापवून फुगवत होतो आणि त्यालाच आत घट्ट बसवत होतो. तापवायला हवं होतं भांडं. झाकण गार करायला हवं होतं.

"मग बर्फ लागल," ताई म्हणाली. "सकाळी सहाला मासळीचा टेम्पो येतो."

बुधवारी पावणेसहाला मी धक्क्यावर हजर. टेम्पोवाला थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ फोडून भरत होता.

"सरबताला चालणार न्हाई, मासळीचा हाय," तो म्हणाला.

"झाकणाला पाहिजे."

"झाकणाला?" त्यानं मदतनिसाकडे बघितलं. "लातूरकडं आता झाकणंबी गार करून खाऊन राहिले म्हण."

चाळीस रुपयांत त्यानं अर्धी पाटी दिली. बर्फ उचलून नेताना मान वर करवत नव्हती. घरी त्या वेळी आई चार घागरी घेऊन रांगेत असणार.

साडेसहाला सुरुवात केली. झाकणावर पोत्यात बांधलेला बर्फ. भांड्याच्या गळ्याभोवती उकळत्या पाण्यात बुडवलेल्या चिंध्या, गार झाल्या की बदलायच्या. आठव्या वेळी हबीबचाचा न सांगता उठले आणि चिंध्या पिळून देऊ लागले. बोटं भाजली तरी थांबले नाहीत.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी दांडका अडकवला. आधी आवळण्याच्या दिशेनं किंचित दाबलं, मग उलटं. रॉकेलचा एक बुडबुडा वर आला.

"थांब," हबीबचाचा म्हणाले. "दोन्हीकडून सारखा जोर. मी इकडं धरतो."

दोघांनी ओढलं. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि झाकण बोटभर फिरलं. नंतर ते हातानंच निघालं, अख्खं, दोन्ही कानांसकट. आतून शेवाळ, गाळ आणि बोटाएवढे दोन शिंपले निघाले. हबीबचाचांनी छिन्नी पिशवीत टाकली. "मी असतो तर तोडलंच असतं," ते दाजींना म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

आटे घासून साफ केले. रबरी कडीला पस्तीस रुपयांचं ग्रीस लावलं आणि झाकण नुसत्या हातानं बसवलं. दाजींनी कॉक उघडला. झाकणाच्या कडेला एक थेंब जमला आणि खाली पडला. मग दुसरा. माझा हात आपोआप पान्याकडे गेला.

"राहू दे," दाजी म्हणाले. "नावंत एवढं पाणी येतंच. संध्याकाळी उपसून टाकतो."

मी हात खिशात घातला. ते थेंब बघत उभं राहणं हे त्या दोन दिवसांतलं सगळ्यात अवघड काम होतं.

मुकादम आठ वाजून पाच मिनिटांनी आला. इंजिन चालू होतं. त्यानं झाकण बघितलं, मला बघितलं आणि म्हणाला, "गळून राहिलं की."

"गळायलाच पाहिजे," मी म्हणालो.

तराफा साडेनऊला डोहात पोचला. दुपारच्या गाडीनं मी निघालो आणि संध्याकाळी सातला औशात उतरलो. आईनं घागरी भरून ठेवल्या होत्या. मी जलाशयाबद्दल तिला फार सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ताईच्या घरचं काम टिकलं.

गुरुवारी दुकानात गेलो. उस्तादांनी विचारलं, "तोडलं का?"

"नाही."

त्यांनी हजेरीची वही पुढं सरकवली.

जाणाऱ्यांसाठी माझा खर्च: दोन्ही वेळचं गाडीभाडं तीनशे तीस, खाणं पन्नास, बर्फ चाळीस, ग्रीस पस्तीस. एकूण चारशे पंचावन्न. राहणं-जेवण ताईकडे. देणं: दोन दिवसांचा खाडा, पगारातून कापला जाईल. खाडा मला मान्य आहे, त्यापुढं सही केली. वहीत कारणाच्या रकान्यात उस्तादांनी "किरकोळ" लिहिलं होतं. ते मी खोडलं आणि नीट अक्षरात लिहिलं: फिल्टरचं झाकण, अख्खं काढलं.