मान हलवली होतीस

"मान हलवलीस की नाही, एवढंच सांग."

"दादा, एका चाकासाठी किती ताणशील?"

"हलवलीस की नाही?"

"हलवली," धाकटा म्हणाला.

दोघांच्या मध्ये, बाकावर, टायर उतरवलेलं चाक पडलं होतं. आतल्या कडेचा रंग दादाने नुकताच खरवडला होता आणि खाली वेल्डिंगची वीतभर शिवण उघडी पडली होती.

चाकांच्या या दुकानात दादाला गिऱ्हाइकं कौतुकाने कानसेन म्हणत. नवं अलॉय चाक तो पट्ट्याला टांगायचा, डोळे मिटायचा आणि पान्याची एक टिचकी मारायचा. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा, माल परत. त्याच्या टिचकीशिवाय दुकानातून एकही चाक बाहेर जात नसे.

पण नट आवळायची हवेची गन वीस वर्षं कानाशी किंचाळत होती. दोन वर्षांपूर्वी एके सकाळी दादाने टिचकी मारली आणि त्याला सगळीच चाकं बद्द वाजायला लागली. बोलणं ऐकू यायचं, ती बारीक किणकिण तेवढी गेली. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. सांगितलं फक्त धाकट्याला. तेव्हापासून टिचकी दादाची, कान धाकट्याचा. दादा डोळे किलकिले ठेवायचा. समोरून धाकट्याने मान हलवली की चाक पास, नाक खाजवलं की परत.

गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आपली दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेऊन आल्या. त्यांना तांबूस सोनेरी चाकं हवी होती, तीही सर्वांत मोठी.

"बाई, ब्रेकना पिवळा रंग, मागे पंख, दारांवर काळे पट्टे. गाडी आहे की नवरी?"

"नवरीच. म्हणून तर पार्लरमध्ये आणली, काका."

"मग चप्पल मापाची घ्या. ही चाकं वळताना मडगार्डला घासतील. उभी असताना ऐट, चालताना लंगडी."

बाई हसल्या आणि एक माप खाली उतरल्या. "तुमचा कान म्हणेल तसं."

आज त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. मागच्या डाव्या चाकातली हवा टिकत नव्हती. काचेपलीकडे खुर्चीत बसून त्या मासिक चाळत होत्या.

"माझ्या हातून पडलं," धाकटा खालच्या आवाजात म्हणाला. "नवा माल उतरवताना. तू बोंबलला असतास. वेल्डिंगवाला म्हणाला, काही होत नाही."

"त्या बाई हायवेला गाडी पळवतात."

"झालं का काही?"

"मी तुझ्या मानेवर भरवसा ठेवून उभा होतो रे तुझ्यासमोर. खुळ्यासारखा."

"तू तरी काय, दोन वर्षं सोंगच करतोयस ना लोकांसमोर?"

ते खरंच होतं. दादाने भिंतीवर ओळीने लावलेल्या फोटोंकडे पाहिलं. चकचकीत गाड्या, शेजारी हसणारे मालक, सगळे या दोन वर्षांतले.

"बाईंना मी आत्ता सांगतो, सगळं. कानाचंही," तो म्हणाला. "पण ह्यांना कुणाकुणाला फोन करू? आणखी किती वेळा हलवलीस?"

धाकट्याने हात पुसले. फडकं खिळ्याला अडकवलं.

"मी काय विचारतोय? किती?"

धाकटा काचेचं दार ढकलून, डॉक्टरीणबाईंच्या समोरून, रस्त्यावर निघून गेला.