रुखसारचे बारा माग

रुखसारच्या मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा मी रुखसारलाच एक रागाचा मेसेज लिहीत होते. तिच्या पुस्तकाची प्रुफं तिच्याकडे जाऊन तीन आठवडे झाले होते आणि ती उत्तर देत नव्हती. मैत्रीण म्हणाली, "मॅडम, रुखसार गेली." चार दिवस ताप होता, मालेगावला घरी होती. मला वाटलं होतं, नेहमीसारखी टाळतेय... तो मेसेज पुसायचंही मला बराच वेळ सुचलं नाही.

नाशिकला आमच्या महाविद्यालयात ती माध्यमांचा अभ्यास करत होती. तिच्या कथा आणि सिनेमावरचे लेख एकत्र करून विभागातर्फे पुस्तक काढायचं ठरलं आणि संपादन माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून या मुलीनं मला नुसता वैताग दिला. शुद्धलेखन तपासून झालं की ही पात्रांची नावं बदलायची. एका गोष्टीचे तीन शेवट आणून दिले आणि म्हणाली, "तुम्हीच ठरवा." मी ठरवला, तर तो तिला पटेना. एका सिनेमाचं परीक्षण तिनं मध्यंतरात उठून येऊन लिहिलं होतं. मी विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "मॅडम, पुढे त्यांना फक्त संपवायचं होतं." असं परीक्षण छापता येत नाही, हे समजावण्यात माझी एक दुपार गेली. शेवटी ती पुन्हा तिकीट काढून उरलेला सिनेमा बघून आली आणि परीक्षणातला एकही शब्द बदलला नाही.

मी खरी दुखावले ते दिंडोरीच्या फिल्मवरून. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांवर माझ्या मार्गदर्शनाखाली मुलांनी एक छोटी फिल्म केली होती. रुखसारनं विभागाच्या भित्तिपत्रकात त्या फिल्मवर लेख लिहिला. या बायका छाटणीला इस्त्रीच्या साड्या नेसून येतात का, असा तिचा प्रश्न होता. आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. मग एकदा चिडून सांगितलं, "अगं, आम्ही नाही नेसवल्या. शूटिंग आहे म्हणून त्या घरूनच चांगल्या साड्या नेसून आल्या होत्या." ती म्हणाली, "मग फिल्म त्याच्यावर करायची ना, मॅडम." मला याचाही राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

ती गेल्यानंतर महिनाभरानं तिचे वडील, शफीकभाई, स्टाफरूममध्ये आले. मालेगावात त्यांचे यंत्रमाग आहेत. कापडी पिशवीतून त्यांनी तिच्या पाच वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. उघडून बघते, तर सगळ्या कथा पुन्हा वेगळ्या लिहिलेल्या. मी डोक्याला हात लावला. शफीकभाई म्हणाले, "घरी पण असंच करायची. मला मराठी वाचता येत नाय, मॅडम. उर्दू येतं. माझ्यावर काय लिहिलंय म्हणे, ते वाचून दाखवा."

त्यांचे माग ज्यात होते, तो लेख मी माझ्याकडच्या जुन्या प्रतीतून वाचून दाखवला. तो सिनेमातल्या आवाजावर होता. घरातला टीव्ही मागाच्या शेडला लागून असलेल्या भिंतीशी होता. पलीकडे बारा माग चालायचे, त्यामुळे सिनेमातलं बोलणं कधी ऐकूच यायचं नाही. रुखसार नुसते हलणारे ओठ बघायची आणि संवाद मनानं रचून धाकट्या बहिणीला सांगायची. पुढे कॉलेजात तिनं तेच सिनेमे कानाला हेडफोन लावून पाहिले. लिहिलं होतं, "माझे संवाद जास्त चांगले होते."

शफीकभाई हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, "बारा नाय, मॅडम. चारच होते आपले. आज पण चारच हेत."

समासात मीच पूर्वी पेन्सिलनं लिहिलं होतं, "बारा? घरी विचार." तिनं विचारलं नव्हतं. लेखात खरं तेच लिहायचं असतं, हे मी या मुलीला दोन वर्षं सांगत होते. मी म्हणाले, "दुरुस्त करते. चार करते."

पेन उघडलं, तेवढ्यात त्यांनी कागदावर हात ठेवला. "मी शेडमध्ये असायचो, मला चार दिसायचे. ती भिंतीच्या अलीकडं बसायची. तिला बाराचा आवाज आला असंल." कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "राहू द्या तसंच."

मी तसंच राहू दिलं. तीन शेवटांपैकी दुसरा घेतला. पुस्तक गेल्या आठवड्यात छापून आलं.

स्टाफरूममध्ये बोलायला आली की रुखसार कधी खुर्चीत बसायची नाही. दाराजवळच्या लोखंडी कपाटाला पाठ लावून उभ्या उभ्याच वाद घालायची. त्या कपाटाची कडी मोडलेली आहे, हे मला आत्ता कळलं. येता-जाता मी कपाटाचं दार ढकलून लावते. खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत ते पुन्हा उघडलेलं असतं.