हाडांच्या विभागाचा केसपेपर

माझा मोठा भाऊ शेवटचे काही महिने स्वतःचे हात हुंगत होता. जेवायला बसला की आधी हात हुंगायचा, मग ताट सरकवायचा.

"माझा वास येतोय का रं?" तो मला विचारायचा.

"न्हाय की, दादा."

"शिकल्यालं लोक खोटं बी झ्याक बोलत्यात," म्हणायचा आणि मोरीत जाऊन टाचा घासायच्या वजरीने तळहात घासायचा. कातडी सोलून रक्त यायचं.

तो गटारं साफ करायचा. वडीलही तेच करत. वडील गेल्यावर त्यांच्या जागी घरातल्या एकाला घ्यायची पद्धत आहे. त्या अर्जावर दादाने सही केली, म्हणून मी शिकत राहिलो आणि एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. या पद्धतीला सगळे वारसा हक्क म्हणतात. मला त्या शब्दाची शिसारी येते. बापाने उपसलेली घाण मुलानेही उपसायची, हा कसला हक्क?

त्याच्या अंगाला वास नव्हता. तो लोकांनी लावला. तुंबलेलं गटार मोकळं करून पाणी मागितलं, तर बाया नाकाला पदर लावून वरूनच ओंजळीत ओतायच्या. उचगावात भाड्याची खोली बघायला आम्ही दोघे गेलो, तेव्हा मालक आधी "या पावणं, बसा" म्हणाला. दादाने नोकरी सांगितली आणि खोली कालच गेल्याचं मालकाला आठवलं. खोलीच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच हातात होती. वीस वर्षं असं रोज थोडं थोडं होत राहिलं. मग सुट्टीच्या दिवशी, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातल्यावरही, दादाला स्वतःचा वास येऊ लागला.

मी वाचून बघितलं. हा मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, एवढं मला नीट कळलं होतं. वहिनीला मात्र वासावर औषध मिळतं एवढंच सांगून मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

केसपेपरच्या खिडकीशी पोचतो तोच मागून हाक आली, "काय ग्रंथपाल, तुम्ही इकडं कुठं?" आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क होते. माझा भाऊ महापालिकेत असतो, एवढंच मी कॉलेजात सांगितलं होतं. खिडकीतल्या माणसाने विभाग विचारला. मी म्हणालो, "हाडांचा."

"चला, मी पण तिकडंच. गुडघे गेले बघा," हेडक्लार्क म्हणाले.

मग सुटकाच नव्हती. बाकावर आम्ही तिघे बसलो. दादाने हळूच त्यांना विचारलं, "सायेब, वास येतोय का?" ते कसनुसं हसले आणि वीतभर सरकून बसले. मी भिंतीवरचं पत्रक वाचत राहिलो.

डॉक्टरांनी दादाच्या अंगाला हात लावला नाही. "दारू पितो?" म्हणाले. दादाने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. मी कंबर दुखते म्हणून सांगितलं आणि गोळ्या घेऊन आलो. वहिनीने विचारलं, "भावजी, वासावरच्याच हायत न्हवं?" मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात योग्य विभागात नेऊ, असं मनात होतं. तो आठवडा मी पुढे ढकलत राहिलो. गल्लीत "येडा" हा शब्द यायला नको होता. खरं तर कॉलेजात यायला नको होता.

दादाने गोळ्या नेमाने खाल्ल्या. पाकीट संपल्यावर मला म्हणाला, "आवशिदानं बी जाईना. म्हंजे वास खराच हाय की रं."

त्यानंतर त्याने मला कधी विचारलं नाही. जेवण सुटलं. अंगात काही उरलं नव्हतं, त्यात कावीळ झाली आणि चार दिवसांत तो गेला.

दहाव्याला त्याचा मुकादम आला. दारातच उभा राहून म्हणाला, "ह्या कामात पिल्याबिगर भागतच न्हाई. लिव्हर गेली आसंल." हेच काम करणाऱ्या आमच्याच चार जणांनी माना हलवल्या. आमच्यातल्या आमच्यात! मला त्यांची किळस आली. आणि मी सतरंजीची घडी सरळ करत बसलो.

वहिनी आतून आली. "त्येनी कवा घेतली न्हाय," ती मुकादमाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भावजी, तुमी दवाखान्यात गेलतासा. वासाचं डाक्टर काय म्हणालं, ते सांगा ह्यास्नी."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी वासाचा विषय काढलाच नाही," मी म्हणालो. "मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ओळखीचा माणूस भेटला. मला लाज वाटली. मी त्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं."

वहिनीने पदर खोचला. ती रडली नाही.

"मोठ्यानं सांगा की," ती म्हणाली. "मागं बायकास्नी आयकू गेलं न्हाय."

मी उभा राहिलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.