शाळेमागची विनापरवाना भिंत

आमच्या भूगोलाच्या तासाचे किस्से कुणी मुद्दाम जपून ठेवले नाहीत. नाल्याच्या वळणावर गाळ बसतो तसे ते आपोआप बसत गेले. मी वर्गात फारसं बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत. मैत्रिणी म्हणाल्या, तू लिहूनच काढ, म्हणजे बोलायचं काम पडणार नाही. म्हणून लिहिते.

आधी जागा सांगते. आमची शाळा साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आहे. शाळेच्या मागे काळ्या दगडाची उंच भिंत आहे. ती टेकडीवरून उतरते, शाळेला पाठ लावून जाते आणि पुढे शेतांमधून निघून जाते. दगड असे एकावर एक आडवे, की वाटावं गवंड्याने ओळंबा लावून बसवलेत. गावात विचारलं तर सांगतात, राक्षसाने एका रात्रीत बांधली.

भूगोलाचे देवरे सर सांगतात, कुणीच बांधली नाही. जमिनीला भेग पडली, तिच्यात लाव्हा शिरला आणि थिजून कठीण झाला. दोन्ही बाजूंचा खडक त्याच्यापेक्षा मऊ होता, तो ऊनपावसाने झिजून वाहून गेला. "भिंत वर आली नाही, आपण खाली गेलो," सर म्हणाले.

मागच्या बाकावर प्रशिक बसतो. त्याला गप्प राहणं जमत नाही. तो म्हणाला, "सर, राक्षसाचंच बरं आहे. एका रात्रीत आटोपतं, पाठ करायला सोपं."

*

मागे एवढी भिंत, पण रस्त्याच्या बाजूला काहीच नाही. गुरं येतात, शेळ्या येतात आणि मुली खो-खो खेळायला लागल्या की मोटरसायकलवाली पोरंही येऊन थांबतात. फटका बसला तो जयश्रीला. ती आमच्या टीमची सगळ्यात चपळ खेळाडू. एकदा तिचे आजोबा, म्हणजे आबा, रस्त्याने जात होते. पोरं गाड्यांवर बसून शेंगा खात मॅच बघतायत, हे त्यांनी पाहिलं. ते तसेच मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात गेले आणि सगळ्यांसमोर सांगून आले, की शाळेच्या भिंतीचं काम होईल त्या दिवशी नात खेळेल, तोवर नाही.

आबांनी चारचौघांत दिलेला शब्द आबांनाही मागे घेता येत नाही. तेव्हापासून जयश्री पायरीवर बसून आमच्या ओढण्या सांभाळते. आम्ही नववीत आहोत. दहावीच्या मुली आमच्याकडे खेळत नाहीत, क्लासला जातात. म्हणजे तिच्याकडे हे एकच वर्ष.

कंपाउंडचा अर्ज शाळेने त्याच्या कितीतरी आधी दिलेला होता.

*

हिमनदीचा धडा ऑक्टोबरच्या उन्हात आला. वर्गातल्या कुणीच बर्फाचा डोंगर पाहिलेला नाही. सरांनीही नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणून त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये खडे घालून बर्फ केला आणि तो थर्मासमधून आणला. हिमनदी सरकताना तळाचे दगड जमिनीला कसे ओरखडतात, ते अंगाच्या साबणाच्या वडीवर घासून दाखवायचं होतं.

पण आधी हजेरी झाली, मग मोठ्या बाईंची सूचना आली, मग थर्मासचं झाकण उघडेना. ते उघडलं तेव्हा आत पाणी होतं आणि तळाला खडे.

सर शांतपणे म्हणाले, "हिमनदी वितळल्यावर मागे जो दगडगोट्यांचा ढीग उरतो, त्याला हिमोढ म्हणतात. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. साबण मात्र प्रशिकने हात धुवायला नेला.

*

त्याच धड्यावर चाचणी झाली. हिमनदीची वैशिष्ट्यं उदाहरणासह लिहायची होती. प्रशिकने लिहिलं : "उदाहरण - आमच्या शाळेच्या कंपाउंडचा अर्ज. तो अतिशय हळू सरकतो, सरकताना दिसत नाही आणि वाटेत येईल त्याला झिजवतो."

सरांनी अर्धा मार्क दिला. पूर्ण का नाही, असं प्रशिकने विचारलं. सर म्हणाले, "हिमनदी सरकते याचा पुरावा आहे."

*

आमच्या ग्राउंडची माती दर पावसाळ्यात वाहून जाते. ती नाल्याने खाली उतरते आणि आबांच्या शेतात जाऊन बसते. सरांना एवढं चांगलं उदाहरण सोडवेना. त्यांनी झीज, वहन आणि संचयन या तिन्हींच्या जागा विचारल्या. वर्गाने एका सुरात उत्तर दिलं : ग्राउंड, नाला, आबांचं शेत.

हे घरी पोहोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी आबा वर्गाच्या दारात उभे. शाळेत आपल्याला मातीचोर म्हणून शिकवतात, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. सरांनी त्यांना खुर्ची दिली, फळ्यावर चित्र काढून सगळं समजावलं. आबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी काय गाडी भरीसन आनी का? ती सोता उनी."

म्हणजे, माती स्वतःहून आली. सर म्हणाले, पुस्तकातही तेच आहे. आबा खूश झाले आणि जाताना सांगून गेले, की यंदा त्या तुकड्यात कांदा चांगला आलाय, मुलांसाठी पाठवून देईन. जयश्री मान खाली घालून बसली होती. आबांना आनंदात बघून तिने हळूच खो-खोचं विचारलं. आबा म्हणाले, भिंत कुठे आहे?

*

शेवटी एकदा भिंतीची जागा बघायला तालुक्याचे साहेब आले. मी काही बोलत नाही म्हणून चहा घेऊन मलाच पाठवतात, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

साहेब ऊन चुकवत शाळेच्या मागच्या सावलीत गेले आणि वर बघून म्हणाले, "एवढी मोठी भिंत आहे की तुम्हाला. कुणी बांधली?"

"कुणीच नाही," देवरे सर म्हणाले.

"म्हणजे विनापरवाना?"

सरांनी लाव्हा सांगितला, भेग सांगितली, मऊ खडक कसा झिजला ते सांगितलं. रस्त्याच्या उघड्या बाजूकडे दोनदा बोट दाखवलं. साहेबांनी चहा संपवला. मग विचारलं, की अंदाजे किती जुनं काम असेल. सर म्हणाले, साडेसहा कोटी वर्षं.

साहेबांनी मान हलवली. "मग आता दुरुस्तीला आलीच असेल."

*

आणि दुरुस्ती मंजूर झाली!

दिवाळीनंतर दोन गवंडी आले. वाळू आली, सिमेंट आलं. याच सामानात रस्त्याच्या बाजूने दोन हात तरी भिंत उभारा, असं सरांनी त्यांना परोपरीने विनवलं. मोठा गवंडी भला माणूस होता, पण त्याला दुरुस्तीचं काम दिलं होतं, नव्याचं नाही. त्यांनी काळ्या दगडांच्या फटी सिमेंटने बुजवल्या. सिमेंट जिथे संपलं तिथे दुरुस्ती संपली. मग एक पाटी ठोकली आणि ते गेले.

सर आम्हाला पाटी दाखवायला घेऊन गेले, पण काही शिकवलं नाही.

संध्याकाळी आबा आले. त्यांना वाचता येतं, तरी त्यांनी जयश्रीला पुढे बोलावलं आणि पाटीवर बोट ठेवलं. "आठे काय लिखेल शे?"

तिने वाचलं, "शाळा संरक्षक भिंत. काम पूर्ण."

आबांनी पाटीकडे पाहिलं. मग वळून रस्त्याच्या बाजूला पाहिलं. तिकडून एक शेळी निवांत आत येत होती.

"मंग जाय," ते म्हणाले. "मी सबद देल शे."

जयश्रीने सगळ्या ओढण्या माझ्या हातात कोंबल्या आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्राउंडवर आलो तेव्हा रस्त्याच्या कडेला एक खाट टाकलेली होती. तिच्यावर आबा बसले होते, रस्त्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने दोन मोटरसायकली येऊन थांबल्या. पोरांनी माना उंच करून आबांच्या पलीकडे बघायला सुरुवात केली.

आबांनी काठीसुद्धा उचलली नाही.

"चला पुढे," ते म्हणाले. "आठे भिंत शे. दिसस नही का?"