कारण लिहा

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला उद्या साक्षात ब्रह्मदेव भेटला, तरी त्या त्याच्या हातात वही देऊन 'हे विश्व का निर्माण केलंत, ते पाच ओळींत लिहा' म्हणतील आणि पाचवी ओळ अर्धी राहिली म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करतील. ताई परळच्या एका मराठी शाळेत सातवीला गणित शिकवतात. त्यांच्या वर्गात नुसतं उत्तर चालत नाही. प्रत्येक गणिताखाली ते तसंच का सोडवलं, हे स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. लालबागला घरी आल्यावरही ही खोड सुटत नाही. एकदा मी सहज म्हणालो, भाताला दुप्पट पाणी घाला, तर लगेच माझ्यापुढे कागद आला. 'आमची आई घालायची म्हणून' असं मी लिहिलं. खाली लाल शाईत शेरा मिळाला, 'कारण अपुरे'. भात मात्र त्यांनी दुप्पट पाण्यातच शिजवला.

गेल्या वर्षी एका मुलीची आई वही घेऊन थेट मुख्याध्यापकांकडे गेली. "सर, गणिताच्या वहीत हे निबंध कसले? पोरगी नापास होतेय ना माझी!" मुख्याध्यापकांनी ताईंना बजावलं, की पुढच्या चाचणीत ही मुलगी पास झाली नाही तर हे लिखाण बंद. दुसरं कोणी नमतं घेतलं असतं. ताईंनी त्या दिवसापासून तिच्याकडून जास्तच लिहून घ्यायला सुरुवात केली. पोरगी तशी चुणचुणीत. पावणेदोन म्हणजे सात पाव, हे तोंडी पटकन सांगायची. पण लिहिताना सात छेद चारऐवजी हमखास चार छेद सात. का म्हणून विचारलं की मान खाली. शेवटी ताई म्हणाल्या, "बोलू नकोस. लिही." तिनं एकच ओळ लिहिली, 'अंश म्हणजे थोडंसं, म्हणून वर नेहमी लहान आकडा.' ताई तो कागद घेऊन शाळेतून तडक आमच्याकडे आल्या. "भावोजी, बघा! हिचं गणित कच्चं नाही हो, मराठी पक्कं आहे!"

मुलगी चाचणीत पास झाली आणि ताईंचं लिखाण बंद पडण्यापासून वाचलं. मी पेढे घेऊन गेलो, तर ताईंनी पुडा तसाच बाजूला ठेवला. "पहिली कितीतरी वर्षं मी नुसत्या फुल्या मारल्या हो," त्या म्हणाल्या. "'का' म्हणून विचारलंच नाही कुणाला." त्यांना असं हरल्यासारखं मी कधी पाहिलं नव्हतं. "त्या वेळच्या मुलींतली एक शिवडीला भेटते अधूनमधून, मुलाला शाळेत सोडताना. 'बाई, मला गणित कधी जमलंच नाही,' म्हणते आणि हसते. ती हसते ना भावोजी, त्याचंच वाईट वाटतं."